सगळं वर आहे

छोट्या धंद्याचा डेटा जोवर कोणी मागत नाही तोवर अगदी सुरक्षित असतो. रविवार पेठेतलं अण्णांचं दुकान घ्या. नळ, पाइप आणि फिटिंगचा माल, घाऊक आणि किरकोळ. दुकानाचा सगळा हिशेब कॉम्प्युटरवर आहे असं अण्णा सांगतात आणि त्यात खोटं काही नाही. मॉनिटरच्या चारही कडांना चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत, त्याही कॉम्प्युटरवरच म्हणायच्या. कुठल्या प्लंबरला किती टक्के सोडायचे ते अण्णांच्या डोक्यात. कोणाला उधार द्यायचं नाही ते दिवाणजींच्या डोक्यात. द्यायचं नाही असं ठरवूनही ज्यांना द्यावंच लागतं त्यांची नावं गल्ल्याच्या काचेखाली, गणपती मंडळांच्या पावत्यांशेजारी. पाइपाचे भाव सारखे बदलतात, म्हणून ते माळ्याच्या जिन्यालगतच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेले. दिवाळीच्या आधी भिंतीला रंग द्यायचा विषय निघाला की अण्णा घाईघाईने म्हणतात, "नको, डेटा जाईल."

हा सगळा पसारा क्लाउडवर चढवायचा असं अण्णांच्या भाच्याने ठरवलं. भाचा हिंजवडीत असतो. अमेरिकेतल्या कुठल्याशा विमा कंपनीची कित्येक वर्षांची दप्तरं त्याच्या टीमने सुखरूप वर नेली होती. त्या मानाने मामाचं दुकान म्हणजे शनिवार-रविवारचं काम, असा त्याचा अंदाज. अंदाज चुकला याचा दोष त्याला देता येणार नाही. विमा कंपनीत दिवाणजी नव्हते.

निमित्त झालं कॉम्प्युटरच्या कण्हण्याचं. विंडोज ७ वर चालणारं ते यंत्र सकाळी सुरू करताना आतून घासल्यासारखा आवाज येई. अण्णा तेवढ्यात देवाला उदबत्ती लावून घेत. भाच्याने सांगितलं, "मामा, विंडोज ७ कंपनीने १४ जानेवारी २०२० लाच सोडून दिलंय. त्यात आता काहीही सुधारणा होणार नाही."

"मग चांगलंच आहे की," अण्णा म्हणाले. सुधारणा झाली की काहीतरी बंद पडतं, हा त्यांचा महानगरपालिकेकडे पाहून बनलेला सिद्धान्त.

"बॅकअप आहे का?"

या प्रश्नावर अण्णा दुखावले. त्यांनी गणपतीच्या किल्लीसाखळीतला पेनड्राइव्ह दाखवला. तो कॉम्प्युटरच्या मागेच कायमचा खोचलेला होता, म्हणजे चोर आला तर दोन्ही एकदमच नेणार. आत टॅलीच्या डेटाचा १०००० नावाचा फोल्डर होता, शिवाय "१०००० नवीन", "१०००० फायनल", "१०००० फायनल खरा" आणि "हा उघडू नये". मिठाईच्या एका पत्र्याच्या डब्यातून फ्लॉप्याही निघाल्या. एकेका फ्लॉपीत १.४४ एमबी मावतं. प्लंबरने मोबाइलवर पाठवलेला फुटक्या एल्बोचा एक फोटो आज तिच्यात मावणार नाही. पण फ्लॉप्यांना दरवर्षी हळदकुंकू लागलेलं असल्याने त्या टाकून द्यायला कोणी धजावत नव्हतं.

"आणि शेवटी सगळं सीएकडे आहेच," अण्णा म्हणाले. हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक दुकानात ऐकायला मिळतं. महिन्याच्या अकरा तारखेला जीएसटीआर-१ आणि वीस तारखेला ३बी भरायचा असतो, तेव्हा डेटा सीएकडे जातो. तो तिथे पोहोचतो हे खरं, पण पुढे राहतो का हे विचारायला भाच्याने फोन लावला. पलीकडच्या आर्टिकलशिप करणाऱ्या मुलीने अतिशय नम्रपणे सांगितलं, "सर, तो तुमच्याकडेच असेल ना?"

दिवाणजी इतका वेळ गप्प होते. ते अण्णांच्या वडिलांच्या काळापासूनचे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ते या पेढीवर पोऱ्या म्हणून लागले होते आणि दुकान तेव्हा नदीच्या बाजूला, नारायण पेठेत होतं. बॅकअप या विषयावर बोलण्याचा अधिकार आपल्याइतका कोणालाच नाही असं त्यांचं म्हणणं आहे, आणि ते पटण्यासारखं आहे. कीर्द, खतावणी, सगळं पाण्यात गेलं. गाळातून काढलेल्या वह्या पुढे कितीतरी दिवस गच्चीवर वाळत होत्या. लाल बांधणी शाबूत, आतली शाई गेलेली.

"मग उधारी कशी वसूल केली?" भाच्याने विचारलं.

"गिऱ्हाइकांनी आपापली सांगितली," दिवाणजी म्हणाले. "सगळ्यांची थोडी कमी निघाली. एकाने जास्त सांगितली. त्याला थोरल्या मालकांनी जन्माचं उधार सुरू करून दिलं."

याला संगणकशास्त्रात काय म्हणतात ते भाच्याला आठवेना. त्याने लॅपटॉप उघडून दिवाणजींना आकडे दाखवायला सुरुवात केली. अ‍ॅमेझॉनची २००६ साली सुरू झालेली साठवणीची सेवा आहे, एस-थ्री नावाची. तिच्यात ठेवलेली फाइल टिकण्याची खात्री ९९.९९९९९९९९९ टक्के, म्हणजे एकूण अकरा वेळा नऊ. कंपनीच्या हिशेबाने तुम्ही तिथे एक कोटी फायली ठेवल्यात तर सरासरी दहा हजार वर्षांत एखादी हरवेल.

दिवाणजींनी चष्मा काढून पुसला. "ती कुठली?"

"कुठली म्हणजे?"

"हरवेल ती. उधारीची की देण्याची?"

एवढ्या मोठ्या कंपनीने याचा विचार केलेला नव्हता.

मग भाडं. क्लाउडला महिन्याचं भाडं पडतं हे कळल्यावर अण्णांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते समजायला पुण्यातलं जुन्या वाड्यातलं दुकान माहीत असावं लागतं. ही जागा अण्णांच्या वडिलांनी पागडी देऊन घेतली. तिचं आजचं महिन्याचं भाडं ऐकलं तर हिंजवडीतली माणसं तेवढ्यात कॉफीसुद्धा येत नाही म्हणतील. आणि आता दुकानापेक्षा दुकानाच्या हिशेबाचं भाडं जास्त होणार होतं. अण्णांनी हे बराच वेळ मनात घोळवलं आणि भाडेकरूच्या भूमिकेतून मुद्देसूद प्रश्न विचारायला लागले. भाडं किती वाढवता येतं? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे मालकाला वर्षाला चार टक्के वाढवता येतात, तसं यांना काही बंधन आहे का? किती वर्षं राहिलं म्हणजे काढता येत नाही? पागडीवर मिळेल का? पोटभाडेकरू ठेवलेला चालतो का?

भाच्याने सांगितलं की कंपनी भाडं केव्हाही वाढवू शकते, महिनाभर नाही भरलं तर आधी कुलूप लावते आणि मग सामान बाहेर काढते. कोर्ट-कचेरी कुठल्या शहरात चालेल ते करारात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

"म्हणजे घरमालकाची बाजू भक्कम आहे," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच क्लाउडबद्दल थोडा आदर होता.

जागा कुठली घ्यायची यावरही खल झाला. क्लाउड म्हणजे कुठेतरी अमेरिकेत, अशी आम्हा संध्याकाळी चहाला टेकणाऱ्यांची समजूत होती. ती भाच्याने काढून टाकली. मायक्रोसॉफ्टचं एक केंद्र २०१५ पासून खुद्द पुण्यात आहे. अ‍ॅमेझॉन २०१६ साली मुंबईत आलं, गूगल पुढच्या वर्षी. नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात, जिथे पूर्वी रसायनांचे कारखाने होते, तिथे आता बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत आणि त्यांत अर्ध्या देशाच्या फायली थंड हवेत बसलेल्या असतात. माणसांना ऐरोलीत पाणी कमी पडलं तरी चालेल, पण या यंत्रांना गरम होऊन चालत नाही.

"पुण्यात कुठेशी?" दिवाणजींनी विचारलं.

नेमका पत्ता सांगत नाहीत, सुरक्षेसाठी, असं भाचा म्हणाला. जो पत्ता सांगत नाही त्याच्याकडे माल ठेवायचा नाही, हे या पेठेतलं शाळकरी पोरही सांगेल. पण अण्णांची हरकत वेगळीच होती. त्यांना पुणे नकोच होतं. गावात ठेवलं की ओळखीचे बघायला मागतात. मग त्यांनी हळूच विचारलं, "ते इन्कम टॅक्सवाल्यांना वरून परस्पर दिसतं का रे?"

दिसत नाही, असं भाच्याने समजावलं, पण ते समजावताना त्याने नको तेवढी माहिती दिली. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असंच हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरावं लागतं ज्यात प्रत्येक खाडाखोडीची नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. शिवाय त्यांच्या दप्तराची प्रत भारतातल्याच सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवावी लागते. अण्णांनी डोळे मिटून घेतले. आपली साधी भागीदारी आहे, कंपनी करा म्हणून मागे लागणाऱ्या सीएला आपण त्या वेळी चहा पाजून परत पाठवलं, यासाठी त्यांनी मनातल्या मनात कोणाचे तरी आभार मानले असावेत. ‘एफ-टू’ दाबला की टॅलीत तारीख बदलते. ही सोय ज्या दिवशी जाईल त्या दिवशी रविवार पेठेत कुठलाच माल वेळेवर पोहोचलेला दिसणार नाही.

टॅलीचा जन्मही असाच घरगुती आहे. गिरण्यांना माल पुरवणाऱ्या श्यामसुंदर गोएंका यांना मनासारखं हिशेबाचं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी ते गणिताच्या पदवीधर मुलाला, भरतला, लिहायला लावलं. ते १९८६ साल. "त्यांना मुलगा होता," अण्णा सुस्कारा टाकून म्हणाले. "आपल्याला भाचा."

खरी मौज नंतर सुरू झाली. वर चढवण्याआधी डेटा स्वच्छ करायचा असतो, असं भाच्याच्या व्यवसायात मानतात. त्याने मालाची यादी काढली आणि त्याला अर्धा इंची एल्बो सापडला. मग "एल्बो अर्धा" सापडला. मग "एल्बो हाफ", "एल्बो १/२", "एल्बो १५ एमएम", "एलबो आर्धा" आणि नुसताच "अर्धा". सगळ्यांचा एचएसएन ३९१७, जीएसटी अठरा टक्के, आणि वस्तू एकच. कॉम्प्युटरवर बसणारी मुलं बदलत गेली, प्रत्येकाने आपापल्या शिक्षणाप्रमाणे एल्बो लिहिला. "१५ एमएम" हा पॉलिटेक्निकच्या मुलाचा काळ. "आर्धा" लिहिणारा पुढे ग्रामसेवक झाला. दिवाणजी या नावांवरून साल सांगू शकत होते, जशी जाणकार मंडळी नाण्यावरून राजवट सांगतात.

त्यात "एल्बो अर्धा" चार हजारांनी उणे होता. म्हणजे दुकानात जेवढे होते त्याहून चार हजार जास्त विकले गेले होते.

"मामा, उणे चार हजार एल्बो म्हणजे काय?"

"अरे, ‘एल्बो हाफ’ बघ. तिथे चार हजार जास्त असतील. बेरीज केली की बरोबर येतं."

बेरीज केली. बरोबर आलं. पाच एल्बोंचा फरक होता, आणि तो कुठे गेला तेही अण्णांना आठवत होतं: व्याह्यांच्या फ्लॅटला. इथे भाच्याच्या आयुष्यातला पहिला पेच उभा राहिला. घाणेरडा डेटा चुकीची उत्तरं देतो असं त्याला शिकवलेलं होतं. इथे डेटा घाणेरडा होता आणि उत्तर चोख. त्याने तरीही सातही एल्बो मोडून त्यांचा एक केला. तेव्हापासून काउंटरवरची मुलं "अर्धा" असं टाइप करतात आणि कॉम्प्युटर काहीच दाखवत नाही, कारण वर त्याचं नाव आता इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, आडव्या रेघा घातलेलं, पासपोर्टवर असतं तसं आहे.

गिऱ्हाइकांच्या यादीत पाटील होते. पाटील, पाटील धायरी, पाटील धायरी नवीन, पाटील पांढरी गाडी, पाटील जुने बंद, पाटील जुने बंद परत चालू. भाच्याने सुचवलं की प्रत्येकाला त्याच्या पंधरा अंकी जीएसटी नंबराने ओळखू. प्लंबरला जीएसटी नंबर नसतो. मग मोबाइल नंबराने ओळखू. धायरीचे तीन भाऊ एकच नंबर वापरत होते आणि तो त्यांच्या वडिलांच्या नावावर होता. अण्णा त्यांना "हॅलो"वरून ओळखत. पहिल्या भावाचं "हॅलो" म्हणजे रोख, दुसऱ्याचं म्हणजे उधार, आणि तिसऱ्याने फोन केला तर अण्णा दुकानात नसत. ही माहिती कुठल्या रकान्यात भरायची ते भाच्याला सापडलं नाही. त्याच्या मते असं रकान्याबाहेरचं ज्ञान म्हणजे धोका. मला वाटतं, तेच भांडवल होतं. पाइप काय, समोरच्या दुकानातही मिळतात.

यादीच्या तळाशी "सस्पेन्स" नावाचं खातं होतं. कुठे टाकावं हे न कळलेली प्रत्येक रक्कम त्यात अनेक वर्षं पडत गेलेली. भाच्याने ते उघडायला माउस नेला आणि दिवाणजींनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. "हे असंच्या असं वर ने," ते म्हणाले. ते तसंच नेलं.

जुनी पत्रं आणि दरपत्रकं यांचा प्रश्न निराळाच निघाला. ती युनिकोड येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टाइप केलेली. दुकानातल्या कॉम्प्युटरवर झकास मराठी दिसे. वर चढवल्यावर "आपले कृपाभिलाषी" याच्या जागी कंस, डॉलरची खूण, दोन टक्के आणि एक उलटा प्रश्नार्थक असं काहीतरी उमटलं. त्या काळात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असत. फाँट सोबत नेला नाही तर खालचं इंग्रजी उघडं पडतं. महाराष्ट्रातल्या किती संस्थांची, मासिकांची आणि पतपेढ्यांची दप्तरं आज अशी उघडी पडून आहेत त्याची मोजदाद नाही. हे मी विनोदाने म्हणत नाही. अण्णांनी मात्र ते पत्र बराच वेळ निरखलं आणि म्हणाले, "महापालिकेला हेच पाठवू. त्यांचं उत्तर असंच येतं."

मग खातं उघडायचं होतं. त्याला ईमेल लागतो. दुकानाचा ईमेल होता, तो कधीकाळी कॉम्प्युटर क्लासच्या एका मुलाने काढून दिलेला. पासवर्ड मॉनिटरच्या चिठ्ठीवर होता, पण गूगलला खात्री पटावी म्हणून जो नंबर नोंदवलेला होता तो त्या मुलाचा, आणि मुलगा आता दुबईत. त्याला शोधून फोन केला. त्याने आनंदाने ओटीपी सांगितला, अण्णांची चौकशी केली आणि पाऊण इंची बॉल व्हॉल्व्हचा आजचा भाव विचारला. ईमेल उघडला तर तो भरलेला. फुकटात मिळणाऱ्या पंधरा जीबीत व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही मोजला जातो, त्यामुळे त्यात गुलाबाची फुलं, सूर्योदय आणि संकष्टीच्या शुभेच्छा खच्चून बसल्या होत्या. या राशीत खऱ्या ऑर्डरीही होत्या: प्लंबरांचे आवाजी निरोप, मागे ड्रिल मशीनची घरघर, आणि तीन मिनिटांत एकदाच ऐकू येणारं "…आणि दोन युनियन."

नवा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर यावा यावर फार चर्चा झाली नाही. अण्णांचा मोबाइल सतत गिऱ्हाइकाशी बोलण्यात गुंतलेला, दिवाणजींचा बटणांचा, त्यातली तीन चालत नाहीत. घरात एकच फोन असा होता जो कायम चार्ज असतो, हाताशी असतो आणि ज्याच्या मालकिणीला आलेला निरोप वाचायची सवय आहे. अण्णांच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा नंबर टाकला. हा निर्णय तांत्रिक आहे असं त्या वेळी सगळ्यांना वाटलं.

वर जाण्याचा मुहूर्त भाच्याने गुरुवारचा काढला. दत्ताचा वार म्हणून असेल. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, हे हिंजवडीत जनरेटरच्या सावलीत वाढलेल्याला ठाऊक असायचं कारण नाही. वीज गेली, इन्व्हर्टर लागला, राउटर चालू राहिला. तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी ड्रेनेजसाठी खोदणाऱ्यांनी केबल तोडली. फायबर म्हणून जो काही प्रकार अण्णांच्या दुकानात येतो तो समोरच्या वाड्याच्या गजाला गुंडाळून, विजेच्या खांबाला टेकून, पिंपळाच्या फांदीवरून येतो. पिंपळापलीकडे अकरा नऊ होते. पिंपळापासून अलीकडे केबलवाला होता, आणि तो दीड वाजेपर्यंत जेवायला गेला होता.

"वर सगळं व्यवस्थित आहे," भाचा हिंजवडीहून फोनवर सांगत होता. "सर्व्हर शंभर टक्के चालू आहे."

गिऱ्हाइकांची गर्दी फळीपर्यंत आली. दिवाणजी शांतपणे उठले, माळ्यावरून बिलबुक काढलं, कार्बन घातला, आणि कॉम्प्युटरवर बसणाऱ्या मुलाला सरकायला सांगितलं. त्यांच्या अंगात तीस वर्षांपूर्वीचा माणूस आला होता. त्या दुपारी त्यांनी आम्हाला बऱ्याच गोष्टी ऐकवल्या, आणि त्या कुठून आल्या ते लगेच कळलं: त्यांच्या नातवाने त्यांना मोबाइलवर शोधून दिलेल्या. २८ फेब्रुवारी २०१७ ला त्याच अकरा नऊवाल्यांच्या माणसाने एक आज्ञा चुकीची टाइप केली आणि अमेरिकेतल्या हजारो वेबसाइटी काही तास आडव्या झाल्या. फायली हरवल्या नव्हत्या, फक्त हाती लागत नव्हत्या. बंद आहे हे ज्या पानावर सांगायचं ते पानही त्याच सेवेवर अवलंबून, त्यामुळे ते बराच वेळ सगळं ठीक आहे असंच दाखवत राहिलं. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात सरकारी डेटा सेंटरला आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांची ८५८ टेराबाइट कागदपत्रं गेली, आणि त्यांचा बॅकअप नव्हता.

"का नव्हता?" अण्णांनी विचारलं.

"फार मोठं होतं म्हणून," दिवाणजी म्हणाले. जुलै २०२४ मध्ये एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष फाइलमुळे जगभरातले पंच्याऐंशी लाख कॉम्प्युटर निळे पडले तेव्हा आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले, हे सांगताना त्यांचा स्वर असा लागला की ते पास त्यांनीच लिहिले असावेत. "अक्षर चांगलं होतं," असंही ते म्हणाले.

केबल संध्याकाळी जोडली गेली आणि मग कळलं की प्रिंटर कोणीच हिशेबात धरला नव्हता. अण्णांकडे डॉट मॅट्रिक्स आहे. तीन प्रतींचं बिल कार्बन न घालता एका फटक्यात मारतो, आवाज सोनारआळीपर्यंत जातो. आता टॅली होती नवी मुंबईत आणि प्रिंटर रविवार पेठेत, आणि टॅलीला वाटत होतं की आपल्या खोलीत प्रिंटरच नाही. मुलगा दर वेळी बिल छापायची आज्ञा देत होता, आज्ञा कुठेतरी रांगेत उभी राहत होती. भाचा रात्री येऊन काहीतरी जोडून गेला. सकाळी शटर उघडलं तर प्रिंटरने रात्रीतून आपली सगळी थकबाकी छापून टाकली होती, कागदाची घडी जिन्यावरून खाली उतरून फूट व्हॉल्व्हच्या गोणीपर्यंत पोहोचली होती. सगळी बिलं धायरीच्या पाटलांची, कुठल्या ते नीट कळत नव्हतं.

हळूहळू बसलं सगळं. आता अण्णा लग्नाला कोल्हापूरला गेले तरी मोबाइलवर आजची विक्री बघतात, पंगतीत बसल्या बसल्या उधारीवाल्याला फोन लावतात. सीएला काही पाठवावं लागत नाही, तो आपला आपण बघतो, आणि पूर्वी वीस तारखेला येणारे त्याचे फोन आता रोज येतात. दिवाणजी रोज संध्याकाळी कॉम्प्युटरवरची विक्री वहीत उतरवून घेतात. भाच्याने याला हरकत घेतली, पण एक प्रत वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या प्रकारच्या माध्यमावर ठेवावी हे त्याच्याच पुस्तकात लिहिलेलं असल्याने त्याला बोलता येईना.

लक्ष्मीपूजनाला नवी लाल वही आली, शेजारी लॅपटॉप ठेवला. वहीवर "श्री" काढलं. लॅपटॉपवर नुसती काळी काच कशी पूजायची, खातं उघडलेलं हवं, असा गुरुजींचा आग्रह पडला. तेही आता चार ठिकाणी अशी पूजा करतात, अनुभवी आहेत. आरती सुरू झाली, आणि तिसऱ्या कडव्याला पडद्यावर सूचना आली की बराच वेळ हालचाल नसल्याने आपल्याला बाहेर काढण्यात येत आहे. पुन्हा आत जायला ओटीपी. ओटीपी वहिनींच्या मोबाइलवर, आणि त्या त्याच मोबाइलवर आरतीचं चित्रीकरण करत होत्या.

"मामी, सहा आकडे सांगा पटकन."

"सांगते," वहिनी म्हणाल्या. "पण रोज दिवसातून दहा वेळा हे आकडे मी सांगते, आत काय आहे ते मला कोणी दाखवलंय का?"

गुरुजी, घंटा, पोऱ्या, सगळं थांबलं. भाच्याने तिथल्या तिथे वहिनींच्या नावाने वेगळं लॉगिन काढून दिलं. फक्त बघण्यापुरतं, काही बदलता येणार नाही असं. अण्णांचाही विरोध नव्हता, ताळेबंदात घरातल्या बाईला काय रस असणार, अशा समजुतीत ते होते.

वहिनींनी ताळेबंद उघडलाच नाही. पाडव्याच्या सकाळी त्यांनी "किरकोळ खर्च" उघडला. दिवाणजी हे अत्यंत प्रामाणिक गृहस्थ आहेत, आणि टॅलीत प्रत्येक नोंदीखाली तपशील लिहायला जागा असते. ती जागा त्यांनी कधी मोकळी सोडलेली नाही. एप्रिलपासूनची प्रत्येक नोंद तारखेसह होती: "अण्णा, क्रीमरोल दोन." "अण्णा, जिलेबी पाव किलो, डॉक्टरकडून येताना." "अण्णा, वडापाव, वहिनींना सांगू नये."

किरकोळ तेवढं खालीच ठेवायचं असं आता ठरलं आहे. भाऊबीज झाल्यावर अण्णांनी दिवाणजींना पाठवून अप्पा बळवंत चौकातून खिशात मावेल अशी एक वही आणवली, आणि वरची नोंद बंद झाली. फक्त त्या वहीचे पंचेचाळीस रुपये दिवाणजींनी नेहमीप्रमाणे किरकोळात टाकले, "वही एक, क्रीमरोल लिहिण्यासाठी".